विश्लेषण : पैशांची चिंता बुद्धीवर परिणाम करते? मानसशास्त्र हे कोणत्या प्रयोगांनी तपासते?

‘नव्या संशोधनानुसार…’ अशी सुरुवात असलेला मजकूर दिवसातून एकदा तरी मोबाइलवर येतो. अमुक केल्याने स्मरणशक्ती वाढते, तमुक पाहिल्याने मुले आक्रमक होतात, गरिबीमुळे निर्णयक्षमता घटते… यातले किती खरे मानायचे? त्याचे उत्तर बरेचसे एकाच गोष्टीवर अवलंबून असते : तो निष्कर्ष कोणत्या प्रकारच्या प्रयोगातून आला. मानसशास्त्रात प्रयोगांचे चार प्रमुख प्रकार मानले जातात आणि प्रत्येकाचे बळ व मर्यादा वेगवेगळ्या आहेत. ‘पैशांची ओढाताण असताना माणसाचे डोके नीट चालत नाही का,’ हा एकच प्रश्न या चारही मार्गांनी कसा तपासला गेला, हे पाहिले की फरक स्पष्ट होतो. त्यातले दोन अभ्यास भारतातले आहेत. एक ऊस उत्पादकांचा, दुसरा पत्रावळी करणाऱ्या कामगारांचा.

प्रयोग आणि पाहणी यांत फरक काय?

एखाद्या गावात शंभर कुटुंबांची पाहणी केली आणि कर्जबाजारी माणसांना बुद्धीच्या चाचणीत कमी गुण मिळाले, तर त्याचे अर्थ अनेक निघू शकतात. कर्जाच्या चिंतेने लक्ष विचलित झाले असेल. चुकीच्या निर्णयांमुळे कर्ज झाले असेल. किंवा कमी शिक्षण, आजारपण, अपुरी झोप अशा तिसऱ्याच कारणाने दोन्ही घडले असेल. पाहणीत दोन गोष्टी सोबत आढळतात, एवढेच कळते. कोणती कोणामुळे घडली, ते कळत नाही.

प्रयोगात संशोधक एक गोष्ट मुद्दाम बदलतो, बाकीच्या शक्य तितक्या सारख्या ठेवतो आणि परिणाम मोजतो. तुलनेसाठी एक गट असा ठेवतात, ज्याच्या बाबतीत तो बदल केलेला नसतो. त्याला नियंत्रित गट म्हणतात. कोण कोणत्या गटात जाईल हे संशोधकाच्या किंवा सहभागी व्यक्तीच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले जाते. यालाच यादृच्छिक विभागणी म्हणतात. चिठ्ठीला माणसाचे शिक्षण, जात, उत्पन्न, स्वभाव काहीच ठाऊक नसते. त्यामुळे गट पुरेसे मोठे असतील तर ते सुरुवातीला सरासरीने सारखेच असतात. नंतर त्यांच्यात फरक पडला, तर तो त्या बदलामुळे पडला असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

चार प्रकार कोणते?

दोन प्रश्न विचारले की प्रकार ओळखता येतो. पहिला, बदल कोणी घडवला? दुसरा, तो कुठे घडला?

प्रयोगशाळेतील प्रयोग : बदल संशोधक घडवतो, परिस्थितीही त्याच्याच ताब्यात असते, गट चिठ्ठीने ठरतात.

क्षेत्रीय प्रयोग : बदल संशोधकच घडवतो, पण लोकांच्या नेहमीच्या जगात, म्हणजे कारखान्यात, शाळेत, रुग्णालयात किंवा रस्त्यावर.

नैसर्गिक प्रयोग : बदल परिस्थिती घडवते. एखादा कायदा, आपत्ती किंवा नवा उद्योग येतो आणि काहींचे आयुष्य बदलते, काहींचे नाही. संशोधक फक्त मोजतो.

अर्ध-प्रयोग : तुलना प्रयोगासारखीच असते, पण गट चिठ्ठीने ठरलेले नसतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ किंवा ‘हे’ आणि ‘ते’ असे आधीपासूनच असलेले गट घेतले जातात.

शेवटच्या दोन प्रकारांतली सीमारेषा पुसट आहे. एकच अभ्यास काही जण नैसर्गिक प्रयोग मानतात, तर काही अर्ध-प्रयोग. नावापेक्षा महत्त्वाचे हे की, तुलना कोणाची कोणाशी केली आणि ती न्याय्य होती का.

प्रयोगशाळेत ‘गाडीच्या दुरुस्ती’ने काय दाखवले?

मानसशास्त्राची पहिली औपचारिक प्रयोगशाळा विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे सुरू केली. भारतात १९१५ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. तेव्हापासून परिस्थिती ताब्यात ठेवून एकेक घटक तपासणे हा या शास्त्राचा कणा राहिला आहे.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गरिबी आणि बौद्धिक क्षमता यांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग अमेरिकेतील न्यू जर्सीमधील एका मॉलमध्ये आलेल्या ग्राहकांवर केलेला होता. जागा मॉलची असली, तरी रचना पूर्णपणे प्रयोगशाळेतली होती.

सहभागी व्यक्तींना एक काल्पनिक प्रसंग दिला गेला : तुमची गाडी बिघडली आहे, दुरुस्तीला पैसे लागतील, तुम्ही काय कराल? काहींना खर्च सांगितला १५० डॉलर, तर काहींना १५०० डॉलर. कोणाला कोणता आकडा मिळणार, हे योगायोगाने ठरले. त्यावर विचार चालू असतानाच त्यांना संगणकावर तर्कशक्तीचे आणि एकाग्रतेचे प्रश्न सोडवायला दिले. किरकोळ खर्चाचा प्रसंग मिळालेल्यांत गरीब आणि सुस्थित लोकांची कामगिरी जवळपास सारखीच होती. मोठ्या खर्चाचा प्रसंग मिळालेल्यांत मात्र कमी उत्पन्नाच्या लोकांची कामगिरी सुस्थितांच्या तुलनेत लक्षणीय घसरली. सुस्थितांवर त्या मोठ्या आकड्याचा तसा परिणाम दिसला नाही.

मोठा आकडा पाहूनच लोक गोंधळले असतील का? ही शंका दूर करण्यासाठी संशोधकांनी तसेच लहान-मोठे आकडे, पण पैशांशी संबंध नसलेले प्रश्न देऊन पाहिले. तेव्हा हा परिणाम दिसला नाही. अशी एकेक शंका वेगळी काढून तपासता येणे हेच प्रयोगशाळेचे बळ.

मग प्रयोगशाळेवर आक्षेप काय?

पहिला आक्षेप, प्रसंग काल्पनिक होता. घरातला गॅस सिलिंडर संपला आहे आणि पगाराला आठ दिवस आहेत, ही चिंता आणि कागदावरची गाडी यांत फरक आहेच. दुसरा, आपल्यावर प्रयोग चालू आहे हे लोकांना माहीत असते आणि माहीत असले की माणूस थोडा वेगळा वागतो.

तिसरा आक्षेप अधिक बारीक आहे. या प्रयोगात कोणाला कोणता आकडा मिळेल हे योगायोगावर सोडले होते, पण कोण गरीब आणि कोण सुस्थित हे चिठ्ठीने ठरलेले नव्हते. लोक आपापली परिस्थिती घेऊनच आले होते. म्हणजे एकाच अभ्यासाचा अर्धा भाग खरा प्रयोग होता, तर उरलेला अर्धा तुलनाच होती. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी नेमके येथेच बोट ठेवले. लोकांची ‘गरीब’ आणि ‘सुस्थित’ अशा दोनच कप्प्यांत विभागणी न करता प्रत्येकाचे प्रत्यक्ष उत्पन्न हिशेबात घेतले, तर निष्कर्ष तितका ठाम राहत नाही. पैशांच्या चिंतेचा परिणाम गरिबांपुरताच आहे असे यातून म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ संशोधकांनी सर्व प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून त्याला उत्तर दिले. हा वाद शास्त्राच्या नेहमीच्या कामाचाच भाग आहे.

ऊस उत्पादकांचा अभ्यास कसा झाला?

याच शोधनिबंधाचा दुसरा भाग तमिळनाडूतील उसाच्या शेतात घडला. ५४ गावांतील ४६४ लहान ऊस उत्पादक त्यात होते. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा उसातून येणारा होता. उसाचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात, त्यामुळे तोडणीपूर्वीचे महिने ओढाताणीचे आणि नंतरचे तुलनेने मोकळे असतात. महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्याला हे वेगळे सांगायला नको.

आकडेही तेच बोलतात. तोडणीपूर्वी ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण ठेवले होते, तर तोडणीनंतर हे प्रमाण चार टक्क्यांवर होते. शेतकरी तोच, घर तेच, शिक्षण तेच. हातातला पैसा मात्र वेगळा. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांची चाचणी तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर घेतली. आकृत्यांवर आधारित तर्काच्या चाचणीत तोडणीपूर्वी सरासरी ४.३५ उत्तरे बरोबर आली, तर तोडणीनंतर ५.४५. एकाग्रतेच्या चाचणीलाही तोडणीपूर्वी जास्त वेळ लागला आणि चुकाही अधिक झाल्या.

पण हा काटेकोर अर्थाने प्रयोग नव्हे. कोणी चिठ्ठी टाकून शेतकऱ्यांना गरीब किंवा श्रीमंत केले नव्हते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांत पैशांखेरीज आणखीही काही बदललेले असू शकते. म्हणून याची गणना अर्ध-प्रयोगात करावी लागते.

‘आधी’ आणि ‘नंतर’च्या तुलनेतले धोके कसे टाळले?

अर्ध-प्रयोगाची खरी परीक्षा येथे असते. निष्कर्ष ऐकल्यावर मनात येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या कारणाला संशोधकाकडे उत्तर असावे लागते.

ऋतूमुळे फरक पडला असेल का? साखर कारखान्यांची गाळपाची क्षमता मर्यादित असल्याने सगळा ऊस एकाच वेळी तोडला जात नाही. तोडणी काही महिने टप्प्याटप्प्याने चालते. त्यामुळे एकाच महिन्यात काहींची तोड झालेली असते आणि काही वाट पाहत असतात. ऋतू एकच, पण स्थिती वेगळी. ऋतूचे कारण त्यामुळे दुबळे पडते.

दुसऱ्यांदा तीच चाचणी दिल्याने सराव झाला असेल का? त्यासाठी शंभर शेतकऱ्यांना मुद्दाम बाजूला ठेवून त्यांची पहिली चाचणीच तोडणीनंतर घेतली गेली. सराव नसतानाही त्यांची कामगिरी तोडणीपूर्वी पहिल्यांदा चाचणी दिलेल्यांपेक्षा चांगली होती.

उपासमार, अतिश्रम किंवा ताण? या शक्यताही पडताळून पाहिल्या आणि केवळ त्यांच्यामुळे एवढा फरक पडत नाही, असे संशोधकांनी मांडले. तरीही ‘आणखी एखादे न सुचलेले कारण असेल तर?’ ही शंका अर्ध-प्रयोगात कायमची मिटत नाही. खात्री वाढते, पूर्ण होत नाही.

नैसर्गिक प्रयोग म्हणजे काय?

काही प्रश्नांसाठी प्रयोग करणेच अशक्य असते. मुलांना वर्षानुवर्षे गरिबीत ठेवून त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, हे कोणी मुद्दाम करून पाहू शकत नाही, पाहूही नये. अशा वेळी परिस्थितीनेच घडवलेल्या बदलाकडे लक्ष ठेवावे लागते.

जेन कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी संधी अनपेक्षितपणे मिळाली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या ग्रामीण भागातील १४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची दरवर्षी तपासणी करणारा त्यांचा अभ्यास १९९३ पासून चालू होता. त्यांतली सुमारे पाव मुले मूळ अमेरिकी समाजातली होती. अभ्यास मध्यावर आला असताना चेरोकी समाजाच्या राखीव क्षेत्रात कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातला वाटा समाजातील प्रत्येकाला मिळू लागला. त्यासाठी कोणाला परीक्षा द्यावी लागली नाही की अर्ज करावा लागला नाही. या अतिरिक्त उत्पन्नामुळे अभ्यासातील मूळ अमेरिकी कुटुंबांपैकी १४ टक्के गरिबीतून बाहेर आली.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरिबीतून बाहेर आलेल्या घरांतील मुलांमधली आक्रमकता, नियम मोडणे, सतत विरोध करणे अशी लक्षणे कमी झाली आणि कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आली. गरिबीत राहिलेल्या मुलांत ती तशीच राहिली. मात्र चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांत असा फरक पडला नाही. म्हणजे पैशाने मनाच्या सगळ्याच तक्रारी सुटतात, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

या प्रकाराचे बळ म्हणजे बदल खरा आणि मोठा असतो. उणीव ही की, तो पुन्हा घडवून पाहता येत नाही. कॅसिनो आल्याने रोजगार, वाहतूक, शेजार हे सारेही बदलले असणार. कोणत्या धाग्याने नेमके काय केले, ते वेगळे काढणे कठीण.

ओडिशातील पत्रावळींनी कोणती कडी जोडली?

प्रयोगशाळेत खात्री असते, पण चिंता काल्पनिक असते. शेतात चिंता खरी असते, पण चिठ्ठी नसते. दोन्ही एकत्र आणण्याचा मार्ग म्हणजे क्षेत्रीय प्रयोग. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिल्बाख यांनी तो ओडिशात केला. २०२१ मध्ये त्याचा शोधनिबंध मांडला गेला.

४०८ कामगारांना सुमारे दोन आठवडे पानांच्या पत्रावळी करण्याचे काम देण्यात आले. मजुरी नगावर होती. जितक्या पत्रावळी, तितके पैसे. प्रयोगात बदललेली गोष्ट एकच : पैसे हाती पडण्याचा दिवस. काहींना तोपर्यंतची मजुरी काम संपण्याच्या काही दिवस आधीच दिली गेली, तर बाकीच्यांना सगळी अखेरीस. कोणाला कधी मिळणार, हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरले. मजुरीचा दर सर्वांना सारखाच होता.

पैसे हातात येताच लोकांनी काय केले? उधारी फेडली, घरातल्या गरजेच्या वस्तू आणल्या. त्यानंतरच्या दिवसांत त्यांचे उत्पादन सुमारे सात टक्क्यांनी वाढले आणि लक्ष नसल्याने होणाऱ्या, माल वाया घालवणाऱ्या चुका कमी झाल्या. अधिक गरीब कामगारांत हा परिणाम जास्त होता. दर सारखाच असल्याने ‘जास्त मोबदल्याच्या लोभाने जास्त काम केले’ असे म्हणायला जागा उरत नाही. डोक्यावरचे ओझे हलके झाल्याने हात नीट चालू लागले, हे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे ठरते.

क्षेत्रीय प्रयोगालाही मर्यादा आहेत. खऱ्या जगात सगळे ताब्यात ठेवता येत नाही. कामगार आपापसांत बोलतात, कोणी आजारी पडतो, कोणाच्या घरी लग्न निघते. शिवाय असा प्रयोग महागडा आणि वेळखाऊ असतो.

मग हा प्रश्न सुटला म्हणायचा का?

नाही. उलट दिशेचे पुरावेही आहेत. लिआंड्रो कार्व्हाल्हो, स्टीफन मायर आणि स्टेफनी वांग यांनी अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा अभ्यास केला. काहींची चाचणी पगाराच्या दिवसाआधी, काहींची नंतर, अशी यादृच्छिक विभागणी होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या बौद्धिक कामगिरीत फरक आढळला नाही. दर पंधरवड्याला किंवा महिन्याला येणारा पगार आणि वर्षातून एकदाच येणारे उसाचे पैसे यांतल्या ओढाताणीचे स्वरूपच वेगळे, हे त्याचे एक संभाव्य कारण. पण हाही एक तर्कच, तो वेगळा तपासावा लागेल.

२०२१ मध्ये संशोधकांच्या एका गटाने टंचाईच्या मानसिक परिणामांवरील २० अभ्यास पुन्हा करून पाहिले. काही निष्कर्ष भक्कमपणे टिकले, काही सपशेल कोसळले. ही अडचण या एका विषयापुरती नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती करणारा मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. तेव्हापासून प्रयोगाचा आराखडा आधीच जाहीर करणे, नमुना मोठा घेणे, आकडेवारी इतरांना तपासायला खुली ठेवणे यांवर भर वाढला आहे.

म्हणूनच एका प्रयोगापेक्षा वेगवेगळ्या प्रकारच्या प्रयोगांचे एकाच दिशेने बोट दाखवणे महत्त्वाचे ठरते. प्रत्येक प्रकाराची उणीव वेगळी असते. वेगवेगळ्या उणिवा असूनही उत्तर तेच येत असेल, तर विश्वास वाढतो. पैशांच्या चिंतेबाबत चित्र तूर्तास असे आहे : परिणाम होत असल्याचे चांगले पुरावे आहेत, तो किती मोठा, कोणावर आणि कोणत्या परिस्थितीत, यावर अद्याप मतभेद आहेत.

माणसांवर प्रयोग करताना मर्यादा कोण आखतो?

येल विद्यापीठातील स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगमालिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. सहभागी व्यक्तींना, समोरच्याने चूक केली की विजेचा झटका द्यायला सांगितले जाई. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खुणेपर्यंत गेले. अनेकांना घाम फुटला, हात थरथरले. आज्ञाधारकपणाबद्दल या प्रयोगाने बरेच सांगितले, पण सहभागींना एवढा मनस्ताप देणे योग्य होते का, यावरचा वाद आजही चालू आहे.

क्षेत्रीय प्रयोगात वेगळाच पेच येतो. १९६६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातील परिचारिकांना अनोळखी ‘डॉक्टर’चा फोन करवून, मर्यादेच्या दुप्पट औषध रुग्णाला देण्यास सांगितले. २२ पैकी २१ परिचारिका ते देण्यासाठी निघाल्या. त्यांना वाटेतच थांबवण्यात आले आणि औषधही निरुपद्रवी होते. पण आपल्यावर प्रयोग चालू आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. म्हणजे संमती घेतलेली नव्हती.

आज संशोधन सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी, सहभागींची माहितीपूर्ण संमती आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क हे किमान निकष मानले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्यविषयक सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनाचाही समावेश आहे. काही माहिती लपवणे अपरिहार्य असेल, तर प्रयोगानंतर ती सहभागींना सांगणे अपेक्षित असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याचे महत्त्व काय?

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याजाची तरतूद आहे. थकलेल्या ‘एफआरपी’वरचा वाद राज्यात दर हंगामात रंगतो, पण चर्चा रकमेची आणि व्याजाची होते. पैसे किती मिळाले याइतकेच ते कधी मिळाले, याचाही माणसाच्या निर्णयांवर परिणाम होत असेल, तर उशिराची किंमत व्याजाच्या हिशेबात पूर्ण मावत नाही. पुढच्या लागवडीचा, मुलीच्या प्रवेशाचा, सावकाराकडे जायचे की बँकेत, याचा निर्णय याच काळात घ्यायचा असतो.

अर्थात, तमिळनाडूतील निष्कर्ष जसाच्या तसा सांगली-कोल्हापूरला किंवा मराठवाड्याला लावता येणार नाही. येथे तसा अभ्यास करूनच ते ठरवावे लागेल. पण २०१३ च्या शोधनिबंधाच्या लेखकांनी सुचवलेली दिशा विचार करण्याजोगी आहे : ओढाताणीत असलेल्या माणसापुढे लांबलचक अर्ज, किचकट अटी आणि वारंवारच्या फेऱ्या ठेवणे म्हणजे त्याच्या आधीच थकलेल्या डोक्यावर आणखी एक कर बसवणे होय. प्रशिक्षण किंवा महत्त्वाचे निर्णय हाती पैसा असतानाच्या काळात ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय त्यांनी मांडला.

या संशोधनाचा सर्वांत घातक गैरअर्थही येथेच नोंदवायला हवा. ‘गरीब माणसे बुद्धीने कमी असतात,’ असे हे अभ्यास सांगत नाहीत. ऊस उत्पादक तोडणीच्या आधी आणि नंतर तेच होते. बदलली ती परिस्थिती. तसा चुकीचा निष्कर्ष केवळ पाहणीवरून सहज काढला गेला असता. तो रोखला प्रयोगाच्या रचनेने.

‘संशोधन सांगते…’ असे वाचल्यावर काय विचारावे?

पाच प्रश्न पुरेसे आहेत. एक, ही पाहणी होती की प्रयोग? दोन, गट कोणी ठरवले; चिठ्ठीने, संशोधकाने की लोकांनी स्वतः? तीन, तुलना कोणाशी केली? ‘आमच्या शिबिरानंतर ९० टक्के लोकांना बरे वाटले’ या दाव्यात शिबिराला न गेलेल्यांचे काय झाले, हे कुठेच नसते. चार, किती लोक होते आणि कुठले? अमेरिकेतील विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणजे सगळी मानवजात नव्हे. पाच, दुसऱ्या कोणी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला का आणि उत्तर तेच आले का?

या प्रश्नांची उत्तरे मजकुरात नसतील, तर तो खोटाच आहे असे नाही. मात्र त्यावर विसंबून औषध बदलावे, मुलांची शाळा बदलावी किंवा तो कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे पाठवावा, इतका तो पक्का नक्कीच नाही.